तबूकमधला सेकंड बास

माझा आवाज जाड आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेत मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं, तेव्हा सर म्हणाले, "अरे, विहिरीतून बोलू नकोस, वर ये." सगळी मुलं हसली. उत्तर बरोबर होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील चिपळूणजवळ जांभ्याच्या खाणीत चिरे काढतात आणि आई लोकांच्या शेतावर जाते. कॉलेजात किती मोठ्यानं बोलायचं, कसं बोलायचं, हे घरी कुणाला विचारण्याची सोय नव्हती. मग मी बोलणंच कमी केलं.

पहिलं वर्ष पास झालो आणि शिक्षण मध्येच सोडून दोन वर्षं सौदीला जाऊन आलो. आता पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसलो आहे. वर्गातली मुलं विचारतात, "तिकडे काय पाहिलंस?" त्यांना सोनं, उंट, तेलाच्या विहिरी यांच्याबद्दल ऐकायचं असतं. मी तेलाची विहीर एकही पाहिली नाही. मी म्हणतो, "तिकडे मी वेल्स नावाच्या देशातली भजनं म्हणायला शिकलो." मुलांना वाटतं, मी थट्टा करतोय. म्हणून नीट लिहून काढतो आहे. कितपत जमेल, सांगता येत नाही.

तबूकला आमचा कॅम्प होता. त्या वर्षांत तेलाच्या पैशानं सगळ्या देशभर एकदमच बांधकाम निघालं होतं. जिथे काल नुसती खडी होती, तिथे आज रस्ता दिसायचा. आम्ही लष्करासाठी बॅरकी बांधत होतो. मी टाइमकीपर. पहाटे साडेपाचला मस्टर घेऊन उभं राहायचं, एकेक नंबर पुकारायचा आणि "हाजिर" ऐकू आलं की खूण करायची. तिथे कुणीही मला वर यायला सांगितलं नाही. उलट शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माझा आवाज नीट ऐकू जायचा, आणि मला त्याचं फार बरं वाटायचं.

एक दिवस मस्टर संपल्यावर वेल्डिंगचा फोरमन माझ्या समोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, बुटका, छातीनं रुंद माणूस. मला वाटलं, कुणाची तरी हजेरी चुकली.

"एकशे नऊ म्हण," तो म्हणाला.

"सर, एकशे नऊ हजर आहे. मी खूण केली आहे."

"माणूस नको मला. नुसतं म्हण. एकशे नऊ."

मी म्हटलं.

"अजून खाली."

मी जमिनीकडे बघून म्हटलं. तो खो खो हसला. "तोंड नव्हे, आवाज! आवाज खाली ने."

मी नेला. त्यानं कान पुढे करून विचारलं, "अजून खाली जातो?"

"जातो सर. पण लोक हसतात."

"आम्ही रडत होतो," तो म्हणाला. "संध्याकाळी सहाला करमणुकीच्या केबिनमध्ये ये."

संध्याकाळपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही. इकामा, म्हणजे तिथलं ओळखपत्र, खिशात ठेवला, शर्ट बदलला आणि गेलो. पोर्टाकॅबिनमध्ये आठ गोरे उभे होते. क्रेन चालवणारा, पाइप जोडणारे, एक सर्व्हेअर. सगळे त्या फोरमनच्याच मुलखातले. मला सगळे गोरे इंग्रज वाटायचे आणि ओळख करून देताना मी तसं म्हणूनही गेलो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून मी तुला पंजाबी म्हणू का?" फोरमननं विचारलं.

"नको सर."

"का? पंजाबी वाईट असतात?"

"चांगले असतात सर. पण मी कोकणातला आहे."

"झालं तर मग. आम्ही वेल्सचे. तिथे डोंगर आहेत, पाऊस आहे आणि जमिनीखाली कोळसा आहे. तुझे वडील काय करतात?"

"खाणीत असतात. दगड काढतात."

तो एकदम जवळ आला. "खाणीत? किती खोल?"

"खोल नाही सर, उघडीच असते. वर आभाळ दिसतं."

"नशीबवान माणूस," तो म्हणाला आणि इतरांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्या दिवसापासून तो मला 'बाख' म्हणायला लागला. त्यांच्याकडे धाकट्या माणसाला लाडानं असं म्हणतात.

मग त्यानं मला सगळं सांगितलं. त्यांच्या गावात खाणीतली पाळी संपवून पुरुष प्रार्थनामंदिरात जमत आणि गात. बायका नाहीत, वाद्य नाही, नुसते पुरुषांचे आवाज. हे आवाज चार थरांचे. सगळ्यात वर फर्स्ट टेनर, खाली सेकंड टेनर, त्याखाली फर्स्ट बास आणि तळाला सेकंड बास. फोरमनचे वडील आयुष्यभर सेकंड बास गायले. आता त्यांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती आणि गाणं सुटलं होतं. मुलगा सौदीला निघाला, तेव्हा म्हातारा भयंकर रागावला होता. "तिकडे जाशील आणि गाणं विसरशील," एवढंच म्हणाला आणि निरोप द्यायला दारापर्यंतही आला नाही.

"दोन वर्षं झाली," फोरमन म्हणाला. "मी पत्रं लिहितो. उत्तर बहीण लिहिते. तो तिच्या पत्राखाली सहीसुद्धा करत नाही. बहीण लिहिते की आता त्याला जिना चढवत नाही. मला त्याला एक कॅसेट पाठवायची आहे. एकच गाणं, त्याचं आवडतं. त्याला कळू दे की मी विसरलो नाही. पण माझे दोन्ही सेकंड बास गेले. एकाचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं, दुसऱ्याची जिझानला बदली झाली. सेकंड बासशिवाय कॅसेट पाठवली, तर म्हातारा पहिल्याच ओळीला बंद करेल."

क्रेनवाला म्हणाला, "पहिल्या शब्दाला."

असा मी त्यांच्या गाण्यात शिरलो. त्या देशात दुसऱ्या धर्माची प्रार्थना उघड्यावर करता येत नसे, म्हणून जे काही असेल ते कॅम्पच्या आत, दारं लावून, कुणाला त्रास न देता चालायचं. आमच्या बॅरकीतही गुरुवारी जेवणाआधी भजन असायचं, तेही तसंच. आमच्या भजनाचे बुवा म्हणजे माझ्याच खोलीत राहणारे सुतारकाका, गुहागरकडचे. दिवसभर सेंटरिंगच्या फळ्या ठोकायचे आणि गुरुवारी पेटी काढायचे.

फोरमननं मला गाणं ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं होतं. त्यांच्या भाषेतले शब्द आणि वर स्वरांची अक्षरं. मी ते सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"ह्यो त्यांचा 'डो', ह्यो 'रे'. म्हंजे आपला सा नि आपला रे. काय रं, ह्यात शिकायचं काय हाय? सारेगमच की."

मी प्रत्येक अक्षराखाली देवनागरीत सा, रे, ग, म लिहिलं. उच्चार फोरमनकडून घेऊन शब्दही देवनागरीत लिहिले. मला वाटलं, निम्मी परीक्षा पास झालो.

पहिल्या तालमीतच नापास झालो. फोरमन माझी ओळ म्हणून दाखवायचा आणि मग सगळ्यांना सुरू करायचा. आमच्याकडे बुवा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ मागून म्हणतात. माझ्या अंगात तेच मुरलेलं. सगळे दुसऱ्या ओळीवर गेलेले असायचे आणि मी मनापासून पहिली ओळ परत म्हणत असायचो.

ते सुटलं, तर दुसरंच निघालं. माझी ओळ अगदी साधी होती, दोन-तीन सुरांत फिरणारी. शेजारी वर टेनर मंडळी खरी चाल म्हणायची, आणि ती इतकी गोड होती की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. चाल एक असताना आपण भलतंच काहीतरी म्हणत राहायचं, हे मला उद्धटपणाचं वाटायचं. आमच्या भजनात असं कुणी केलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी टाळ मिळणार नाही.

"आला परत," क्रेनवाला म्हणायचा. तो फर्स्ट टेनर, अंगानं सगळ्यात जाडा आणि आवाजानं सगळ्यात बारीक. "किटली चढवा रे, पाहुणा आला."

"बाख," फोरमन म्हणायचा, "तुझं घर तळमजल्यावर आहे. तू वरच्या मजल्यावर का जातोस?"

"सर, वर चाल आहे."

"आणि खाली कोण सांभाळणार?"

मी खाली मान घालायचो. एकदा धीर करून विचारलं, "सर, या गाण्याचा अर्थ काय?"

"एक प्रवासी आहे. वाळवंटातून चाललाय. तहान लागलीय, वाट माहीत नाही. तो म्हणतो, देवा, हात धर."

"पण सर, तुमच्याकडे तर बारा महिने पाऊस. वाळवंटाचं गाणं लिहिलं कुणी?"

सर्व्हेअर म्हणाला, "खरंच की. माझ्या आजीनं हे गाणं छत्री धरून म्हटलंय." त्या दिवशी बराच वेळ तालीम झालीच नाही. सगळे हसत होते आणि मला वाटत होतं, माझं काही चुकलं का?

खोलीवर आल्यावर सुतारकाका विचारायचे, "काय रं, झालं काय तुमच्या गोऱ्यांचं भजन?"

"काका, मला माझ्या सुरावर राहता येत नाही."

"आपल्याकडं कसं राहतोस?"

"आपल्याकडे तुम्ही पेटीवर सा दाबून धरता ना."

"मग तिकडं कुणी धरतंय का बघ."

मी बघितलं. तिकडे पेटी नव्हती. पण सेकंड बासची जागा मागच्या कोपऱ्यात होती आणि माझ्या डोक्याच्या मागेच खिडकीतला एसी होता. म्हातारा, खडखडणारा एसी. एक दिवस चुकण्याच्या भीतीनं मी डोळे मिटले आणि मला ऐकू आलं की एसी एकच सूर धरून बसला आहे आणि तो नेमका आमचा सा आहे. फोरमन सूर द्यायला वाद्य वापरत नसे, स्वतःच गुणगुणून द्यायचा. त्याच एसीखाली इतके महिने गाऊन त्यालाही नकळत तोच सूर लागत असणार. मी डोकं जरा मागे नेलं, एसीचा सा कानात धरला आणि तिथून माझी ओळ मोजून म्हटली. वरची चाल मला बोलवत होती, पण मी गेलो नाही.

गाणं संपल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"पाहुणा आला नाही आज," क्रेनवाला म्हणाला.

फोरमननं माझे दोन्ही खांदे धरून हलवले. "याच्या रक्तात आहे! खाणवाल्याचा मुलगा आहे!"

तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. परीक्षेत चिठ्ठी लपवून पास झाल्यासारखं मला वाटत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आवाजाचं कुणी कौतुक करत होतं. मी नुसतं "थँक्यू सर" म्हटलं. पुढच्या सगळ्या तालमी मी त्याच कोपऱ्यात, त्याच एसीला डोकं टेकून काढल्या. फोरमननं एकदा पुढे ये म्हटलं, तर मी सांगितलं की मला उकडतं.

मग कॅसेट भरायचा शुक्रवार आला. क्रेनवाला त्याच दिवशी रजेवर निघणार होता. बारा वाजता एअरपोर्टची बस. कॅसेट तोच हातानं म्हाताऱ्याच्या घरी पोचवणार होता. पोस्टानं महिना लागतो, आणि बहिणीच्या शेवटच्या पत्रावरून फोरमनला महिनाभर थांबायचं नव्हतं.

दहाला आम्ही जमलो. स्टुलावर घडी घातलेलं ब्लँकेट, त्यावर टू-इन-वन टेपरेकॉर्डर. फोरमननं दाढी गुळगुळीत केली होती. वडील ऐकणार होते, बघणार नव्हते, तरीही. त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्या मागे आला आणि एसी बंद केला.

"घरघर येते टेपमध्ये," तो म्हणाला.

मी मागे वळून एसीकडे पाहिलं. त्यानं लाल बटण दाबलं, सूर गुणगुणला, हात वर केले. तिसऱ्या ओळीला मी क्रेनवाल्याच्या घरी होतो.

"थांबा," फोरमन म्हणाला. टेप मागे घेतली. परत सुरू. मी दुसऱ्याच ओळीला गेलो. तिसऱ्यांदा मी इतका घाबरलो होतो की पहिली ओळ परत म्हणून टाकली. केबिन तापत चालली होती. पाइपवाले शर्टाची बटणं सोडत होते. क्रेनवाला जेवणाच्या ट्रेनं वारा घेत घड्याळ बघत होता. अकरा वाजून गेले. फोरमन चिडला नाही, तो चिडला असता तर बरं झालं असतं. माझ्यासमोर येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाख, दोन महिने तू एकदाही चुकला नाहीस. आज काय झालं?"

मी म्हटलं, "सर, एसी."

"उकडतंय? सगळ्यांनाच उकडतंय."

"तसं नाही सर. माझा सूर एसीत होता."

मग मी सगळं सांगितलं. पेटी, सा, कोपरा, डोकं टेकणं, सगळं. आधी कुणाला कळलं नाही. मग सर्व्हेअरनं उठून एसी लावला, कान देऊन ऐकलं आणि फोरमननं रोज दिलेला सूर गुणगुणून पाहिला. तो बरोब्बर जुळला. क्रेनवाला खुर्चीत कोसळला आणि फोरमनला म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आम्हाला हा डबा सूर देत होता? आणि आम्ही समजत होतो की गाणं तू चालवतोस!"

सगळे हसले, फोरमनही हसला, पण लगेच त्याची नजर घड्याळाकडे गेली. मी म्हटलं, "सर, मी गात नाही. तुम्ही माझ्याशिवाय भरा."

"नाही," तो म्हणाला. "सेकंड बास नसला, तर त्याला वाटेल मी खरंच विसरलो."

"मग एसी चालू ठेवू या?"

"दोन वर्षांनी त्याला घरघर ऐकवू?"

मला एकच माणूस आठवला. मी पळत बॅरकीत गेलो. सुतारकाका नुसत्या बनियनवर, चादर धूत बसले होते.

"काका, चला. यल्ला! पेटी घ्या."

"कुणाचं काय झालं?"

वाटेत सांगितलं. काका साबणाचे हात पुसत, पेटी काखेत मारून आले. फोरमननं पेटी पाहिली आणि मान हलवली. "वाद्य नको. वाद्य घेऊन गायलं, असं त्याला कळलं तर जिना चढून येईल मला मारायला."

मी ते काकांना मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "मग राहू दे पेटी. मी तोंडानं सा धरतो. त्याला सांग, म्हाताऱ्याला कळायचं नाय."

काका माझ्या मागे उभे राहिले. एक हात माझ्या पाठीवर ठेवला, तोंड मिटलं आणि "ऽऽम्" असा सा लावला. एसीपेक्षा गोड. फोरमननं डोळे बारीक करून ऐकलं, हात वर केले आणि क्रेनवाल्याला म्हणाला, "तू थोडा कमी ओरड."

त्यानं लाल बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही गेलं. मी खाली, काकांचा सा माझ्या कानाशी, वर टेनरांची चाल, आणि मधे आणखी दोन थर. पहिल्यांदाच मला चारही आवाज वेगवेगळे आणि तरी एकत्र ऐकू आले. अजून मला ते नीट सांगता येत नाही. आपण खाली उभे राहिलो म्हणून वरचे तोलून राहिले आहेत, असं काहीतरी वाटलं.

आता त्यांच्यात एक रीत आहे. शेवटचं कडवं संपलं की त्याच्या शेवटच्या ओळी परत म्हणायच्या, आणखी संथ, आणखी भरून. मला ते माहीत होतं. काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे भजनाचा शेवट म्हणजे लय चढवायची. ओळ परत आली हे काकांच्या कानानं हेरलं आणि पाठीवरचा हात ठेका द्यायला लागला. आधी हळू, मग दुप्पट. मी काय करणार? लहानपणापासून पाठीवर असा हात पडला की मी पळालो आहे. मी पळालो. तळमजला पळाला म्हटल्यावर वरचे मजले कसे थांबतील? फर्स्ट बास मागून आले, सेकंड टेनर आले, क्रेनवाला तर गाडी चुकल्यासारखा धावला. फोरमन हातांनी आवरायला बघत होता, डोळ्यांनी "नाही, नाही" म्हणत होता, पण त्याचेही हात शेवटी आमच्याबरोबर भराभर चालायला लागले. शेवटच्या शब्दावर सगळे धापा टाकत एकदम थांबलो. त्या शांततेत काकांनी समाधानानं एक टाळी वाजवली.

ती टाळीसुद्धा टेपमध्ये गेली.

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. फोरमननं बटण बंद केलं, कॅसेट काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. परत भरायला वेळ नव्हता. त्यानं ती क्रेनवाल्याच्या हातात दिली. "जा. दे त्याला."

"तो काय म्हणेल?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"काहीच म्हणणार नाही. तेच करतो तो."

पुढचे सहा आठवडे मी फोरमनच्या नजरेला नजर दिली नाही. मस्टरला त्याचा नंबर मी सगळ्यात हळू पुकारायचो. काका मात्र खुशीत होते. "काय रंगलं रं," असं दोनदा तरी म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

क्रेनवाला परत आला तो आणखी जाडा होऊन, आणि हातात एक कॅसेट घेऊन. "म्हाताऱ्यानं दिलीय," तो म्हणाला. "माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आमची कॅसेट ऐकली, खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन दिवसांनी ही हातात ठेवली."

संध्याकाळी सगळे केबिनमध्ये जमलो. फोरमननं काकांनाही बोलवायला सांगितलं. मला वाटलं, आता दोघांची एकदमच सुनावणी होणार.

टेप सुरू झाली. आधी बराच वेळ नुसता श्वास. मग एक जाड, फाटलेला आवाज, त्यांच्या भाषेत. दर चार-पाच शब्दांनी थांबायचा. फोरमन ओठ घट्ट मिटून ऐकत होता. मधेच एकदा सगळे हसले.

"काय म्हणाले?" मी सर्व्हेअरला हळूच विचारलं.

"म्हणतो, फर्स्ट टेनर ओरडतो. लहानपणापासून ओरडतो." क्रेनवाल्यानं हात जोडले.

पुन्हा श्वास, पुन्हा शब्द, पुन्हा हसू. "म्हणतो, मागे कुणीतरी एकच सूर धरून बसलाय आणि सोडतच नाही. असा हट्टी माणूस आमच्या मंदिराच्या कमिटीत हवा होता."

मी काकांना सांगितलं. काका कॉलर सारखी करत म्हणाले, "बघ. कळलं त्याला."

मग म्हातारा जरा जास्त वेळ थांबला. पुढचं फोरमननं स्वतःच सांगितलं, टेपकडे बघतच. "म्हणतो, सेकंड बास कोण आहे ठाऊक नाही, पण खाली नीट उभा होता. शेवटी पळाला. आम्ही हे गाणं साठ वर्षं हळू म्हटलं, कारण पाळी करून आलेलो असायचो, जीव नसायचा. पळत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं आणि हसल्यावर खोकला आला. तुझी बहीण धावत आली." फोरमन थांबला. टेपमध्येही म्हातारा थांबला होता. "म्हणतो, पण ते चूक आहे. चूक ते चूक. परत म्हणा आणि परत पाठवा."

"परत पाठवा म्हणाला?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"हो."

"तोंडानं?"

"ऐकलंस ना तू."

तेवढ्यात टेपमधला आवाज बदलला. म्हातारा गायला लागला होता. चाल नव्हे, माझी ओळ. सेकंड बासची. कसं म्हणायचं ते मला दाखवायला. आवाजात धूळ भरलेली होती, पण प्रत्येक सूर जागच्या जागी. तीन शब्द गायचा, श्वास तुटायचा, कुठेतरी खोल घरघर व्हायची, आणि मग पुढे, जिथे यायला हवं बरोबर तिथे यायचा. मधल्या वेळात तो मनात मोजत असणार.

पहिलं कडवं संपल्यावर फोरमननं टेप थांबवली. खिशातून माझा कागद काढला, कॅसेट भरली त्या दिवशी केबिनमध्येच राहिलेला, ड्रॉइंगच्या मागचा, माझी देवनागरी असलेला, आणि माझ्या हातात दिला.

"बाख, दोन सेकंड बास असले की ते एका ठिकाणी श्वास घेत नाहीत. एक घेतो तेव्हा दुसरा गातो, म्हणजे खालचा आवाज तुटत नाही. इतके दिवस तू एकटा होतास, म्हणून मी तुला हे शिकवलं नव्हतं." त्यानं टेप मागे घेतली. "तो जिथे थांबतो, तिथे तू थांबायचं नाहीस. समजलं?"

"समजलं सर."

त्यानं बटण दाबलं. म्हाताऱ्यानं श्वास घेतला आणि पहिले तीन शब्द म्हटले. मी त्याच्याबरोबर म्हटले. मग तो थांबला आणि मी पुढचे शब्द म्हणत राहिलो.